मशीन रिसेट केलं, एरर गेला... मग पैसे कशाचे घ्यायचे?



सोमवारी सकाळचे साडेनऊ. दुकानाचं शटर अर्धंच वर गेलेलं असतं आणि पहिला फोन वाजतो. "दादा, वॉशिंग मशीनवर पीई की काय दाखवतंय, सारखं टूं टूं करतंय, कपडे आत अडकलेत आणि दहाला माझी मीटिंग आहे." हिंजवडीत घरगुती उपकरणांच्या रिपेरिंगचं दुकान टाकणार असाल, तर हा फोन तुम्हालाही येणार. त्या फोनवर तुम्ही पहिल्या दोन मिनिटांत काय बोलता, यावर तुमचा बराचसा धंदा ठरतो.

रिसेट कसं करायचं ते व्हिडिओत मी हातानं करून दाखवलंय. पण व्हिडिओत हिशोब नीट मांडता येत नाही आणि स्वतःची चूक कॅमेऱ्यासमोर सांगायला मला थोडं जडही जातं. म्हणून इथे लिहितोय.

दुकानाचं पहिलं वर्ष होतं. फेज तीनच्या बाजूच्या एका टॉवरमधून एका ताईंचा फोन आला. घरात आठ महिन्यांचं बाळ, ताई घरूनच काम करणाऱ्या, त्यामुळे मशीन बंद म्हणजे घरच बंद. टॉप लोड मशीन, पाण्याच्या पातळीच्या सेन्सरचा एरर. मी गेलो, प्लग काढला, दहा मिनिटं थांबलो, परत लावला. एरर गेला. साडेतीनशे रुपये घेतले आणि मोठ्या रुबाबात खाली उतरलो. दोन दिवसांनी परत तोच एरर. परत गेलो, परत रिसेट, या वेळी फुकट. तिसऱ्यांदा फोन आल्यावर मी जाहीर करून टाकलं, "ताई, बोर्ड गेलाय." नवा कंट्रोल बोर्ड, फिटिंगसकट सात हजार आठशे.

चार दिवस मशीन छान चाललं. पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

ताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "दादा, बोर्ड गेलाय हे तुम्ही नेमकं काय तपासून ठरवलं होतं, तेवढं सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काहीच तपासलं नव्हतं. दोनदा रिसेट करून एरर परत आला म्हणजे बोर्डच असणार, असं मनानं ठरवून मोकळा झालो होतो. बीबीएला आम्हाला मार्जिन शिकवलं, इन्व्हेंटरी शिकवली; मशीनच्या आतल्या रबरी नळीबद्दल कुणी बोललं नाही.

मग आमच्याकडच्या एका जुन्या मेकॅनिक काकांना घेऊन गेलो. सेमी-ऑटोमॅटिकच्या जमान्यापासूनचा हात. त्यांनी प्लग काढला, मशीन भिंतीला टेकवून जरा कलतं केलं, मागचं कव्हर उघडलं आणि करंगळीपेक्षा बारीक एक नळी ओढून काढली. तिच्या खालच्या टोकाला साबणाचा काळा गाळ बसला होता. गरम पाण्यानं धुतली, फुंकून कोरडी केली, परत बसवली. पार्टचा खर्च शून्य. जुना बोर्ड परत लावून पाहिला, तोही ठणठणीत. मी ताईंचे सगळे पैसे परत केले, तेही दोन हप्त्यांत, कारण त्या महिन्यात माझ्याकडे एकदम द्यायला नव्हते. नवा बोर्ड एकदा बसवलेला असल्यामुळे परत कुणी घेईना. तो वर्षभराहून जास्त काळ दुकानात पडून होता.

नवा बोर्ड टाकल्यावर चार दिवस मशीन का चाललं, हे मला त्या दिवशी कळलं. बोर्ड बदलताना आम्ही मशीन हलवलं, त्यात नळीतला गाळ जरा सरकला. श्रेय मिळालं बोर्डाला.

रिसेट म्हणजे नक्की काय होतं

आधीच्या पिढीची सेमी-ऑटोमॅटिक मशीन आठवा. तेव्हाच्या औरंगाबादच्या व्हिडिओकॉनची दोन टबांची मशीन कितीतरी घरांत होती. त्यात टायमर किल्लीच्या घड्याळासारखा फिरायचा, पाणी किती भरलं ते आपण डोळ्यांनी बघायचो. त्यात रिसेट करण्यासारखं काही नव्हतंच. आजच्या मशीनमध्ये बघण्याचं काम सेन्सर करतात आणि ठरवण्याचं काम बोर्ड करतो. पाणी किती, तापमान किती, दार लागलं का, ड्रम किती वेगानं फिरतोय, या सगळ्याचे आकडे बोर्डाकडे सतत येत असतात. एखादा आकडा पटला नाही की बोर्ड काम थांबवतो आणि कोड दाखवतो.

आता लाइट क्षणभर गेली आणि आली, तर एखादा आकडा चुकीचा पोचू शकतो. सेन्सर चांगला असतो, वायर चांगली असते, पण बोर्ड त्या क्षणाला अडकून बसतो. प्लग काढून थांबलात की बोर्डावरच्या कपॅसिटरमधली साठलेली वीज उतरते, चालू स्थितीची आठवण पुसली जाते आणि पुढच्या वेळी बोर्ड सगळे आकडे नव्यानं वाचतो. बस, एवढंच. रिसेटनं काही दुरुस्त होत नाही. आपण मशीनला म्हणतो, "बाबा, परत एकदा नीट बघून सांग." आकडा खोटा होता तर एरर जातो. नळीत गाळ असेल तर तो रिसेट करून थोडाच निघणार आहे?

म्हणून एरर गेला की नाही यापेक्षा, तो परत कधी आला याकडे लक्ष द्या. प्लग लावून बटण दाबताक्षणी, पाणी यायच्या आधीच कोड आला, तर संशय वायर, कनेक्टर किंवा सेन्सरवर. पाणी भरताना आला तर नळ, इनलेटची जाळी, पाण्याचा दाब किंवा पातळीचा सेन्सर. पाणी सोडताना आला तर ड्रेन पंप आणि त्याचा फिल्टर. फ्रंट लोडच्या फिल्टरमध्ये नाणी, हेअरपिन आणि बाळाचे मोजे हे तिघं हमखास भेटतात. पिळायच्या वेळी आला तर कपड्यांचा तोल किंवा मोटरचा वेग मोजणारा सेन्सर. फोनवर ग्राहकाला एवढं एकच विचारलं तरी तुम्ही बॅगेत कोणता पार्ट घेऊन निघायचं ते अर्धं ठरतं.

पाण्याच्या पातळीचा सेन्सर नीट समजून घ्या, कारण नवशिक्यांचे सगळ्यात जास्त बोर्ड याच्या नावावर बदलले जातात. टबाच्या तळाशी एक छोटा कप्पा असतो, त्यातून बारीक नळी वर सेन्सरपर्यंत जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि सेन्सरमधला पडदा हलतो. जुन्या मशीनमध्ये तिथे साधा स्विच असायचा, नळीत हलकी फुंकर मारली की टिक्क आवाज यायचा. नव्या मशीनमध्ये पडद्याबरोबर कॉइलमधला गाभा सरकतो, सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलते आणि बोर्ड ती वाचतो. तिथे टिक्क ऐकू येत नाही, म्हणून आवाज नाही आला तर सेन्सर खराब, असं समजू नका. आधी नळी बघा: चिरलीय का, दुमडलीय का, आत पाण्याचा थेंब किंवा गाळ आहे का. जास्त पावडर टाकल्यावर होणारा फेसही या सेन्सरला फसवतो. हातानं कपडे धुवायची पावडर फ्रंट लोडमध्ये टाकणारी घरं अजून भरपूर आहेत, त्यांना रागावू नका, डबा दाखवून समजावून सांगा.

तापमानाचा सेन्सर तपासायला त्यापेक्षा सोपा. खोलीच्या तापमानाला मल्टिमीटरवर काही किलोओहम दिसायला हवेत आणि गरम पाण्याच्या कपाजवळ धरला की आकडा उतरायला हवा. आकडा हललाच नाही, किंवा सर्किट पूर्ण तुटलेलं दाखवलं, तर सेन्सर बदला. दीड मिनिटाचं काम आहे.

कोड पाठ करायच्या भानगडीत मात्र पडू नका. एलजीवर आयई म्हणजे पाणी येत नाही, ओई म्हणजे पाणी जात नाही, पीई म्हणजे पातळीचा सेन्सर, टीई म्हणजे तापमानाचा. सॅमसंगवर पाणी येत नसेल तर ४सी किंवा जुन्या मशीनवर ४ई, पाणी जात नसेल तर ५सी किंवा ५ई. बॉशवर तेच ई१७ आणि ई१८. इथवर ठीक. पण एलई घ्या: एलजीवर तो मोटरचा कोड आहे आणि सॅमसंगच्या मशीनवर गळतीचा. एकीकडे मोटरचा सेन्सर घेऊन जाल आणि समोर फरशीवर पाणी असेल. शिवाय काही कोड बिघाडाचे नसतातच. एलजीवर सीएल दिसलं तर चाइल्ड लॉक चालू आहे, टीसीएल दिसलं तर ड्रम साफ करायची आठवण आहे. या दोन्हीसाठी व्हिजिटचे पैसे घेऊन लोकांच्या घरी जाणारे मी पाहिलेत. मॉडेलचा नंबर घ्या, कंपनीचं मॅन्युअल उघडा, मग बोला.

हिंजवडीची मशीनं वेगळी आजारी पडतात

राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या आजूबाजूला, माण-मारुंजीपर्यंत, उंच सोसायट्या उभ्या राहिल्या, पण कितीतरी ठिकाणी पाणी टँकरचं आणि बोअरचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. तुमच्या भागातल्या दोन-तीन सोसायट्यांचं पाणी एकदा तपासून घ्या. पाणी जड असेल तर फ्रंट लोडच्या हीटरवर पांढरा थर चढतो, त्याच्या शेजारी बसलेल्या तापमानाच्या सेन्सरवरही चढतो, आणि मग सेन्सर खरं सांगतो पण उशिरा सांगतो. टँकरच्या पाण्यातली बारीक माती इनलेटच्या जाळीत बसते. ती जाळी पकडीनं ओढून काढायची, जुन्या टूथब्रशनं घासायची. रिसेटनं दोन दिवस गप्प झालेला पाण्याचा एरर यानं महिनोन् महिने जातो.

दुसरं म्हणजे ड्राय बाल्कनी. नाव ड्राय, पण सतराव्या मजल्यावर पावसाळ्यात आडवा पाऊस थेट मशीनवर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये दाराच्या लॉकचे आणि डिस्प्लेचे एरर एकदम वाढतात, कारण कनेक्टरमध्ये ओल. असा एरर प्लग काढून ठेवल्यावर जातो तेव्हा लोकांना वाटतं रिसेट झालं. खरं म्हणजे तेवढ्या वेळात जरा वाळलं. कनेक्टर काढून पुसा, वाळवा, आणि ग्राहकाला कव्हर घ्यायला सांगा. खालच्या मजल्यांवर उंदीर आणि पाली. उंदरानं वायर कुरतडलेली असेल तर तीन रिसेट केले काय आणि तीस केले काय.

तिसरं जनरेटर. लाइट गेली, सोसायटीचा जनरेटर आला, मग लाइट परत आली: चालू मशीनला काही मिनिटांत दोन-तीन झटके. रिसेटनं खरोखर आणि कायमचे जाणारे एरर मला सगळ्यात जास्त या प्रकारात दिसतात. म्हणून फोनवर माझा पहिला प्रश्न असतो, "मघाशी लाइट गेली होती का?"

फोनवर काय सांगायचं

सगळ्यात आधी डिस्प्लेचा फोटो आणि मशीनवरच्या स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. रिसेट केल्यावर कोड पुसला जातो आणि मग "काहीतरी ई होतं" एवढंच उरतं. मशीन वॉरंटीत आहे का विचारा. असेल तर कंपनीकडे तक्रार नोंदवायला सांगा आणि स्वतः हात लावू नका. लोकांना जाहिरातीतली दहा वर्षं आठवतात, ती बहुतेक वेळा फक्त मोटरची असतात, हेही सांगून टाका.

मग मशीन बटणानं बंद करायला सांगा, भिंतीवरचा स्विच बंद, कोरड्या हातानं प्लग बाहेर. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मधल्या वेळात पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं तरी चालतं. प्लग परत थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये, एक्स्टेन्शन बोर्डावर नाही. कपडे काढता आले तर काढून रिकाम्या मशीनवर रिन्स आणि स्पिन लावायचं आणि जवळ उभं राहून बघायचं. एरर आला तर कोणत्या टप्प्यावर, ते मेसेज करायचं. फ्रंट लोडमध्ये पाणी अडकलं असेल तर दाराशी झटापट करू देऊ नका. खालच्या फिल्टरकडून पाणी सोडावं लागतं, आणि पाणी गरम असेल तर आधी निवू द्यावं लागतं.

जळका वास, मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या, फरशीवर पाणी किंवा घरातला ट्रिप स्विच सारखा पडणं, यातलं एक जरी असेल तर रिसेट हा शब्दच काढायचा नाही. प्लग काढा, हात लावू नका, मी येतो, एवढंच. आणि तुम्ही स्वतः इन्व्हर्टर मशीनचा बोर्ड उघडाल तेव्हा लक्षात ठेवा, २३० व्होल्टची वीज डीसी होऊन कपॅसिटरवर ३०० च्या वर जाते आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तिथेच बसून असते. शिकणाऱ्या पोरांना मी पहिले दोन महिने बोर्डाला हात लावू देत नाही. त्यावर ते नाराज होतात, होऊ देत.

आता पैशांचं

ट्रेनिंगला येणारे मला हमखास विचारतात, "सर, फोनवर फुकट सांगितलं तर आपण खायचं काय?" माझा हिशोब असा. संध्याकाळी सहाला शिवाजी चौकातून फेज तीनला निघालात तर त्या एका कॉलमध्ये तुमचा तासभर सहज जातो. तिथे पोचून प्लग काढला, लावला, एरर गेला, तर ग्राहक म्हणणार, "बटणं दाबायचे साडेतीनशे?" तुम्ही पैसे घेतले तरी तो तुम्हाला परत बोलावणार नाही. तोच फोनवर मोकळा झाला तर तुमचा तास वाचला आणि नंबर त्याच्याकडे सेव्ह झाला. जे फोनवर सुटत नाहीत तेच कॉल तुमच्याकडे उरतात, आणि त्यात खरं काम असतं. मी एका सोसायटीचे कॉल एका दिवसात बसवतो. गेटवर एकदाच नोंद, एकदाच पार्किंग.

पण गेल्यावर व्हिजिटचे पैसे घ्यायचेच, रिसेटनं काम झालं तरी. फक्त ते फोनवरच सांगून ठेवायचं, दारात नाही. आणि तिथे गेल्यावर खरंच काहीतरी करायचं: इनलेटची जाळी, ड्रेनचा फिल्टर, पातळीची नळी, मशीन सपाट उभं आहे का, सॉकेटला व्होल्टेज किती आणि अर्थिंग आहे का. हे सगळं चिठ्ठीवर लिहून द्यायचं. कोड कोणता होता, काय तपासलं, काय आढळलं, काय बदललं. जे बदललं नाही, तेही लिहायचं.

ही चिठ्ठी हिंजवडीत आणखी एका कारणानं लागते. इथे निम्म्या वेळा फोन करणारा भाडेकरू असतो आणि मशीन घरमालकाचं. मालक लातूरला, नागपूरला, नाहीतर परदेशात. पैसे कोणी द्यायचे यावर दोघांची हुज्जत सुरू असते आणि मध्ये आपण उभे. फोटो आणि चिठ्ठी असली की भाडेकरू ती मालकाला पाठवतो, मालक तिथूनच पैसे टाकतो. माझे तीन-चार मालक आता भाडेकरू बदलला की रिकाम्या फ्लॅटचं मशीन आधी मला दाखवून घेतात.

बोर्डाबद्दल दुकानात एकच नियम ठेवलाय. नळी, कनेक्टर आणि सेन्सर मल्टिमीटर लावून तपासल्याची नोंद चिठ्ठीवर नसेल, तर बोर्ड मागवायचा नाही. ग्राहक "बदलून टाका, पैशांचं बघू" म्हणाला तरी नाही. बोर्डावर आपल्याला मार्जिन मिळतं, म्हणून बोट तिकडेच जातं. माझंही गेलं होतं. आणि सेन्सर किंवा बोर्ड बदलल्यावर काही मॉडेलमध्ये कॅलिब्रेशन करावं लागतं. ते राहिलं तर नवा पार्ट टाकूनही मशीन वेड्यासारखं वागतं आणि तुम्ही अजून एक पार्ट बदलता.

सुरुवात करणाऱ्यांना फार भांडवल लागत नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एक बरा मल्टिमीटर घ्या, स्वस्तातला स्वस्त नको. स्क्रू ड्रायव्हर, पकड, टॉर्च, टूथब्रश, जुने टॉवेल. कुठेतरी सहा महिने हाताखाली काम करा, किंवा औंधच्या आयटीआयसारख्या ठिकाणी विजेचं रीतसर शिक्षण घ्या. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी कुणाला हजार रुपये देऊ नका. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलंय, तिथे कंपन्यांची सर्व्हिस आणि वॉरंटीची माहिती मिळते. कामाची गोष्ट आहे, बघून ठेवा.

त्या सोमवारच्या फोनचं सांगायचं राहिलं. मीटिंगच्या आधी मॅडमनी प्लग काढला, फोटो पाठवला. सव्वादहाला एरर गेला, पाणी सुटलं, कपडे निघाले. "थँक यू दादा, झालं!" असा मेसेज. मी लिहिलं, "रिकामं एकदा लावून बघा, मग झालं म्हणू." दुपारी पाऊण वाजता दुसरा मेसेज: पाणी भरताना परत पीई. मंगळवारी त्याच सोसायटीत माझे दोन कॉल होतेच, दोन ते चारची वेळ दिली. व्हिजिटचे साडेतीनशे, बोर्ड लागणार नाही असा अंदाज आहे पण तपासल्याशिवाय शब्द देत नाही, आणि जुने दोन टॉवेल काढून ठेवा, नळी काढताना पाणी सांडतं, एवढं लिहून पाठवलं.